कॅसिनोच्या दगडावरची नावं



आज एका परक्या गावाची गोष्ट सांगते. गाव इटलीतलं, नाव कॅसिनो. हे नाव ऐकून कुणाला गोव्यातले जुगाराचे अड्डे आठवले असतील तर ते डोक्यातून काढून टाका. त्यांचा इथं काही संबंध नाही. हे साधं, संसारी लोकांचं गाव आहे. रोमहून दक्षिणेला नेपल्सकडं जाणारा जुना रस्ता आहे, त्या रस्त्यावर मध्येच हे गाव लागतं. गावामागं उंच डोंगर, डोंगराच्या माथ्यावर चौदा-पंधराशे वर्षांपूर्वी स्थापन झालेला ख्रिस्ती साधूंचा मठ, आणि खाली नदी. डोंगरावर देवस्थान आणि पायथ्याला गाव, हे आपल्याला काही नवीन नाही.

मग हे गाव मी का निवडलं? कारण त्या गावात एक मोठं स्मारक आहे आणि त्या स्मारकाच्या दगडावर आपल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या एका पोराचं नाव कोरलेलं आहे. यशवंत घाडगे. वय २२ वर्षं. त्याच्यासारखी आणखी किती तरी मराठी नावं त्या दगडांवर आहेत. त्यांतलं एखादं तुमच्या घरातलं असू शकतं, म्हणून आजचं हे बोलणं.

आधी गावाविषयी सांगते. त्या सगळ्या डोंगराळ मुलखाला चोचारिया म्हणतात. हे नाव तिथल्या पायताणावरून पडलं. चामड्याचा तुकडा पायाखाली घ्यायचा आणि वाद्यांनी पोटरीपर्यंत बांधायचा, असल्या वहाणा तिथले शेतकरी घालायचे. बायका तांब्याच्या हंड्यानं पाणी भरायच्या. हंडा डोक्यावर, हंड्याखाली कापडाची चुंबळ. जुने फोटो पाहिले तर क्षणभर वाटतं, ही आपल्या भोर-वेल्ह्याकडचीच बाई चढण चढते आहे. डोंगरउतारावर ऑलिव्हची झाडं, द्राक्षांचे मांडव, मेंढरं. पावसापाण्यावरची शेती, कर्ज, आणि पोटासाठी परमुलखात गेलेले पुरुष. दक्षिण इटली ही गरीब मुलखातच गणली जायची.

दुसरं महायुद्ध इटलीत शिरलं ते १९४३ साली. इंग्रज आणि अमेरिकन फौजा दक्षिणेकडून वर रोमकडं सरकत होत्या आणि त्यांना अडवायला जर्मन फौज डोंगर धरून बसली होती. रोमचा रस्ता कॅसिनोच्या डोंगराखालून जातो. डोंगर ज्याच्या हातात, रस्ता त्याच्या हातात. शिवाजी महाराजांच्या मुलखातल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. जानेवारी ते मे १९४४ या पाच महिन्यांत त्या एका डोंगरासाठी चार मोठ्या लढाया झाल्या.

१५ फेब्रुवारी १९४४ ला विमानांनी डोंगरावरच्या मठावर बॉम्ब टाकले. आत जर्मन सैनिक आहेत असा संशय होता. ते आत नव्हते. आत होती ती आसऱ्याला आलेली आसपासच्या खेड्यांतली माणसं. देवाच्या घरावर कोणी बॉम्ब टाकणार नाही, या भरवशावर पोरंबाळं घेऊन आलेली. त्यांतली किती तरी तिथंच गेली. महिन्याभरानं खाली गावावर बॉम्ब पडले आणि कॅसिनो गाव म्हणून उरलंच नाही. भिंतीला भिंत राहिली नाही.

जवळच सान पिएत्रो इन्फिने नावाचं खेडं आहे. तिथली माणसं थंडीच्या दिवसांत आठवडेच्या आठवडे डोंगरातल्या गुहांमध्ये लपून राहिली. लढाई संपल्यावर खाली आली तर घरं नाहीत. पुढं नवं गाव बाजूला वसवलं आणि जुनं गाव तसंच पडकं ठेवलं. ते आजही तसंच आहे. धरणाखाली गेलेली गावं, किल्लारीच्या भूकंपानंतर हललेली गावं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना जुनं गावठाण मागं टाकून नव्या घरात राहायला जाणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. घराला नंबर येतो, पण उंबरा ओळखीचा व्हायला दहा वर्षं लागतात.

आता जे सांगणार आहे ते बोलावं की नाही, असा विचार मी केला. पण हा कार्यक्रम बायकांचा आहे, आणि बायकांच्या कार्यक्रमात ते बोलायचं नाही तर कुठं बोलायचं? मे १९४४ मध्ये जर्मनांची फळी फुटली. डोंगरातून पुढं आलेल्या फौजांमध्ये फ्रान्सच्या सैन्यातल्या मोरोक्कोच्या डोंगरी तुकड्या होत्या. त्यांनी एस्पेरिया आणि आसपासच्या खेड्यांमध्ये बायकांवर अत्याचार केले. एक-दोन नाही, गावंच्या गावं. पोरी सोडल्या नाहीत, म्हाताऱ्या सोडल्या नाहीत, आडवे आलेले बापभाऊ मारले. ते सैनिक स्वतः एका गुलाम देशातून आणलेले होते, हे खरं. त्यांना आवरायचं काम ज्या फ्रेंच साहेबांचं होतं त्यांनी डोळे मिटून घेतले, हेही खरं. पण ज्या बाईवर बेतलं तिला त्यानं काय फरक पडतो? आणि ही फौज शत्रूची नव्हती, सुटका करायला आलेली होती.

पुढं काय झालं, तर आपल्याकडं होतं तेच. गाव गप्प बसलं. मुलींची लग्नं मोडली. नुकसानभरपाईचे अर्ज करायचे तर झालं ते कागदावर लिहून द्यायचं, कचेरीतल्या पुरुषापुढं सांगायचं. हा प्रश्न इटलीच्या संसदेत उघडपणे मांडला तो १९५२ साली एका बाईनं. मारिया मद्दालेना रॉस्सी हे त्या खासदारबाईंचं नाव. त्यांनी या बायकांच्या भरपाईचा जाब सरकारला विचारला. नंतर मोराव्हिया नावाच्या लेखकानं १९५७ साली यावर कादंबरी लिहिली. तिच्यावर सिनेमा निघाला आणि त्यातल्या आईच्या कामासाठी सोफिया लॉरेन या नटीला ऑस्कर मिळालं. कास्त्रो देई व्होल्शी नावाच्या गावात आता एका आईचा पुतळा आहे, मुलीला वाचवू पाहणाऱ्या आईचा. शूरांचे पुतळे सगळीकडं असतात. असा पुतळा मी दुसरा कुठं ऐकलेला नाही.

आता आपल्या माणसांकडं येते.

इटलीच्या लढाईत हिंदुस्थानी फौजेचे साधारण ५० हजार जवान होते. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन डिव्हिजन. त्यांतले पावणेसहा हजारांहून जास्त परत आले नाहीत. आठव्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटण होती, दहावीतही होती. आठवी डिव्हिजन कॅसिनोच्या शेवटच्या लढाईत खालच्या नदीवर लढली. रातोरात होड्यांनी नदी ओलांडायची, समोरून मशीनगनचा मारा, वर धुकं आणि धूर. कोकणातले, साताऱ्याचे, नगरचे, कोल्हापूरचे हे तरुण. बहुतेकांनी भरतीला निघेपर्यंत तालुक्याच्या पलीकडचं काही पाहिलं नव्हतं. ते का गेले याची उत्तरं प्रत्येक घरात वेगळी असतील. घराण्यात पलटणीची रीत होती म्हणून कोणी गेलं, कोणी सावकाराच्या व्याजामुळं, कोणी घरात खाणारी तोंडं फार म्हणून. देश आपला नव्हता, राजा आपला नव्हता, तरी गेले. या गोष्टीवर मोठमोठे लोक वाद घालतात. मला वाटतं, मनिऑर्डरीवर ज्या घरात चूल पेटायची त्या घरातल्या बाईला या वादात कोणी विचारलं नाही.

यशवंत घाडगे तिसऱ्या मराठा बटालियनमध्ये नाईक होते. रोम पडल्यावर फौजा उत्तरेला सरकल्या होत्या. १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुटली. तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले, उभे राहिले ते एकटे घाडगे. ते त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकला, तोफवाला आणि तोफ दोन्ही गारद केली. एकाला गोळी घातली. बंदुकीत नव्या गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून नळीकडून बंदूक धरली आणि दस्त्यानं उरलेल्या दोघांना संपवलं. मग लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि ते तिथंच गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इंग्रजी अमलातलं हे सगळ्यात मोठं शौर्यपदक. ते घ्यायला अर्थातच ते नव्हते. १९४५ साली दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून ते त्यांच्या विधवा पत्नीनं घेतलं.

मी त्या प्रसंगाचा विचार करते तेव्हा मला पदक दिसत नाही. माणगावकडची एक तरुण बाई दिसते. एवढ्या लांबचा रेल्वेचा प्रवास, लाल किल्ला, साहेबलोक, इंग्रजी भाषणं. कुंकू पुसलेलं आणि समोर सगळी फौज सलाम करते आहे. पदकाचं वजन तोळ्या-दोन तोळ्यांचं. ते घेऊन ती परत पळसगावला आली आणि पुढचं सगळं आयुष्य तिनं काढलं.

घाडग्यांची कबर कुठंही नाही. ज्यांची कबर सापडत नाही अशा चार हजारांवर माणसांची नावं कॅसिनोच्या स्मारकावर कोरली आहेत, त्यात त्यांचं नाव आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे. आणि ज्या भागात ते पडले तिथल्या मोन्तोने नावाच्या छोट्या गावानं २०२३ साली त्यांच्या नावानं एक स्मारक उभारलं. ते स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे. उन्हाच्या सावलीवर वेळ दाखवणारं. त्यावर लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. पुतळा न करता घड्याळ केलं हे मला आवडलं. आपल्या आज्या अंगणातली सावली बघूनच तर स्वयंपाकाला लागायच्या.

सगळेच गेले असं नाही. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव इटलीतच, ९ एप्रिल १९४५ ला, सेनिओ नदीवर लढले. त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून पलीकडं नेलं आणि मग परत येऊन, स्वतः जखमी होऊनही, मशीनगनची ठाणी बंद केली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते घरी आले. १९८४ साली पुण्यात वारले.

आता कॅसिनोचा आणखी एक धागा सांगते. हा कोल्हापूरच्या मैत्रिणींसाठी. कॅसिनोचा डोंगर शेवटी जिंकला पोलंडच्या सैनिकांनी. १८ मे १९४४ ला मठाच्या पडक्या भिंतीवर त्यांनी आपला झेंडा लावला. डोंगरावर त्यांच्या हजारावर कबरी आहेत. या पोलिश लोकांना रशियानं बायकापोरांसकट घरातून उचलून सैबेरियाकडं नेलं होतं. तिथून सुटल्यावर पुरुष फौजेत गेले आणि बायका-मुलं इराणमार्गे कुठं आली असतील? कोल्हापूरजवळ वळिवड्याला! १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं वळिवड्याच्या छावणीत जवळपास पाच हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक सगळ्या बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. त्यांची शाळा होती, दवाखाना होता, प्रार्थनाघर होतं. त्यांतल्या किती तरी घरांतले कर्ते पुरुष कॅसिनोला लढणाऱ्या त्या फौजेत होते.

म्हणजे बघा. मे महिन्यातल्या त्या दिवसांत पंचगंगेकाठी एक पोलिश बाई इटलीतून पत्र येतंय का याची वाट बघते आहे, आणि तिच्याकडं दूध घालायला येणाऱ्या आपल्या बाईचा मुलगाही इटलीतच आहे, त्याच डोंगराखाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. टपालवाला मात्र दोघींना सारखाच कळत असणार. त्या काळी खेड्यात तार आली की उघडायच्या आधीच बायका हंबरडा फोडायच्या, कारण तारेनं चांगली बातमी सहसा यायचीच नाही. आणि आलेलं पत्र वाचायलाही दुसरा माणूस लागायचा. नवऱ्यानं मनातलं काही लिहिलं तर ते मास्तरांनी किंवा तलाठ्यानं मोठ्यानं वाचायचं, म्हणून कोणी मनातलं लिहायचंच नाही. ‘मी खुशाल आहे, गुरं कशी आहेत’ एवढंच.

पोलिश लोक १९४८ पर्यंत निघून गेले. त्याच छावणीत मग फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं राहायला आली आणि आजचं गांधीनगर झालं. लग्नाचा बस्ता बांधायला आपण गांधीनगरच्या पेठेत जातो ना, तीच ही जागा. वळिवड्याच्या लोकांनी मात्र कोल्हापूरला विसरलं नाही. कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि तिकडं पोलंडची राजधानी वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

मी राहते त्या विश्रांतवाडीच्या आसपास सगळी लष्करी वस्ती. इकडं दिघी, तिकडं खडकी. आळंदीहून माउलींची पालखी याच रस्त्यानं पुण्याला जाते म्हणून तुमच्यातल्या पुष्कळजणी इथून चालत गेलेल्या असतील. खडकीला महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे. दीड हजारावर कबरी, सारख्या उंचीचे दगड, कापलेलं गवत, फुलझाडं. त्यांत इंग्लंड-स्कॉटलंडच्या आयांची मुलं झोपली आहेत. कॅसिनोची देखभाल जी संस्था करते तीच खडकीचीही करते. आमच्या गटातल्या एक आजी तिथं गेल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “ह्यांच्या आया इथवर आल्या नसतील.” त्या आजींचे चुलते इटलीत गेले ते गेले. घरात फोटो नाही, कागद नाही. चुलतीनं पेन्शन खाल्ली म्हणून भाऊबंदांनी तिला जमिनीत वाटा दिला नाही, ही एकच गोष्ट घराला आठवते. शूर माणसाच्या बाईची ही गत एका घरातली नाही. पेन्शनीच्या पैशावर दिराचं लक्ष, अंगठा कोणी दुसऱ्यानंच धरून उठवलेला, आणि तिनं बोललं तर ‘नवरा खाल्ला आणि आता घर खायला निघाली’. युद्ध इटलीत संपलं तरी अशा घरांमध्ये ते बरीच वर्षं चाललं.

म्हणून गटातल्या बायकांना मी एक काम सांगते. घरात, भावकीत, गावात कोणी ‘लढाईला गेला आणि आला नाही’ असं असेल तर त्याचं नाव लिहून काढा. जुनी ट्रंक उघडा. पितळेची किंवा चांदीची गोल पदकं असतात, त्यांच्या कडेवर बऱ्याचदा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. ती मोडीत घालू नका. पेन्शनीचं जुनं पुस्तक, पलटणीचं पत्र, मनिऑर्डरीची पावती, काही असेल ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. मग शाळकरी मुलीच्या हातात मोबाइल द्या आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव शोधायला सांगा. यादी फुकट बघता येते. नावापुढं पलटण, नंबर, वीरमरणाची तारीख आणि कुठल्या स्मारकावर नाव आहे ते मिळतं. आणि पुष्कळ नोंदींमध्ये आईबापाचं, बायकोचं आणि गावाचं नावही असतं. सातबाऱ्यावर जिचं नाव लागलं नाही अशा बाईचं नाव त्या यादीत सापडू शकतं.

शोधताना दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. नावं साहेबानं कानाला ऐकू आली तशी इंग्रजीत लिहिली आहेत. शिंदे, जाधव, मोरे यांची स्पेलिंगं तीन-चार तऱ्हेनं घालून बघावी लागतील. आडनावच न लिहिता नुसतं नाव आणि बापाचं नाव लिहिलेलं असू शकतं. मराठा पलटणीचं नाव तिथं ‘मह्राटा’ असं जुन्या तऱ्हेनं लिहिलेलं आहे. जिल्हेही तेव्हाचे आहेत. कुलाबा लिहिलं असेल तर तो मुंबईतला कुलाबा समजू नका, तो म्हणजे आजचा रायगड जिल्हा. सांगली जिल्हा तेव्हा नव्हता, त्यामुळं वाळवा-तासगावच्या बायकांनी साताऱ्यात शोधायचं. सिंधुदुर्गवाल्यांनी रत्नागिरीत किंवा सावंतवाडी संस्थानात. भोर, फलटण, औंध, कोल्हापूर ही संस्थानं होती, तेव्हा गावापुढं जिल्ह्याऐवजी संस्थानाचं नाव येईल.

नाव सापडलं तर स्मारकाचं नावही उतरवून घ्या आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला ते मोठ्यानं वाचून दाखवा. पुढच्या वेळी मी तुम्ही पाठवलेल्या नावांतली काही इथं वाचणार आहे. नावाबरोबर त्याच्या बायकोचं आणि आईचं नावही लिहून पाठवा.